तळव्यावरची जखम: मधुमेही पावलाची तपासणी आणि उपचार, पायरीपायरीने

मधुमेह असलेल्या माणसाच्या तळव्यावरची जखम बहुतेक वेळा दुखण्यावरून कळत नाही. मोजा काढताना ओला डाग दिसतो, फरशीवर उमटलेल्या पावलात रक्ताचा ठिपका आढळतो, किंवा खोलीत कसली दुर्गंधी येते म्हणून घरातले शोध घेऊ लागतात. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो आणि चालत राहतो म्हणून जखम भरत नाही. अशी जखम कोणत्या क्रमाने तपासावी आणि उपचाराचे निर्णय त्या तपासणीतून कसे निघतात, हे या लेखात मांडले आहे. लेख मुख्यतः प्राथमिक पातळीवर काम करणारे डॉक्टर आणि परिचारिका यांच्यासाठी आहे. पण रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्यांनाही त्यातला बराच भाग उपयोगी पडेल. पाते चालवणे, शलाकेने (धातूच्या बारीक काडीने) खोली पाहणे, प्लास्टर घालणे ही प्रशिक्षित हातांची कामे आहेत आणि ती घरी करू नयेत.

जखम होते कशी

दीर्घकाळ वाढलेल्या रक्तशर्करेमुळे पायांच्या नसांना इजा होते आणि ती तीन वाटांनी पावलाला भोवते. संवेदना नेणाऱ्या नसा निकामी झाल्या की खडा, खिळा, चटका यांपैकी काहीच जाणवत नाही. स्नायूंना आज्ञा देणाऱ्या नसा अशक्त झाल्या की बोटे पंजासारखी आखडतात, चवड्याची हाडे खाली येतात आणि शरीराचा भार मोजक्याच ठिकाणी एकवटतो. घाम आणणाऱ्या नसा मंदावल्या की कातडी कोरडी पडते, भेगा पडतात आणि भार पडणाऱ्या जागी घट्टा धरतो. हा घट्टा बुटात अडकलेल्या खड्यासारखे काम करतो. त्याच्याखाली ऊती चिरडली जाते, रक्त साकळते आणि एके दिवशी वरची जाड कातडी फुटते. घट्ट्यात काळपट ठिपका दिसला, तर खाली जखम तयार आहे असेच धरून चालावे.

हे गणित पहिल्यांदा नीट उलगडले ते मधुमेहात नव्हे, तर कुष्ठरोगात. वेल्लोर येथे काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, कुष्ठरोग्यांची बोटे आपोआप झडत नाहीत, तर वेदना नाहीशी झाल्यामुळे नकळत होणाऱ्या दुखापतींनी ती जातात. बधिर पावलावरच्या जखमेसाठी पूर्ण संपर्काचे, म्हणजे पायाला सगळीकडून चिकटून बसणारे प्लास्टर आज मधुमेहात वापरले जाते, त्यामागचा विचारही याच अनुभवातून पुढे आला.

याच्या जोडीला अनेकांच्या पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात. म्हणून जखम केवळ बधिरपणाची आहे, केवळ रक्तपुरवठ्याच्या अभावाची आहे की दोन्हींची मिळून आहे, हा प्रश्न पट्टी बांधण्याच्या आधीचा आहे. बधिरपणाची जखम सहसा तळव्यावर असते, तिच्याभोवती घट्ट्याची कड असते आणि पाऊल उबदार असते. रक्तपुरवठा कमी असलेली जखम बोटांच्या टोकांवर, कडांवर किंवा टाचेवर दिसते, पाऊल थंड असते आणि जखमेचा तळ फिकट असतो.

पायाआधी माणूस पाहावा

जखमेकडे वळण्यापूर्वी तापमान, नाडी, श्वसनाचा वेग, रक्तदाब आणि रक्तशर्करा नोंदवावी. मधुमेहात गंभीर जंतुसंसर्ग असूनही ताप नसणे हे नेहमीचे आहे, त्यामुळे ताप नाही एवढ्यावर निर्धास्त राहू नये. एरवी नियंत्रणात असलेली साखर दोन-तीन दिवसांत विनाकारण चढली असेल, तर संसर्गाची शंका घ्यावी. जखम किती दिवसांची आहे, आधी कधी अशी जखम किंवा अंगच्छेद झाला होता का, मूत्रपिंडाचा आजार आहे का, धूम्रपान आहे का, रक्त पातळ करणारी औषधे सुरू आहेत का, नजर आणि कंबर तळवा पाहण्याइतकी साथ देतात का, हे विचारावे.

मग दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत उघडे करून भरपूर उजेडात पाहावेत. ज्या पायाची तक्रार नाही, त्याच्याच बोटांच्या बेचक्यात कधी कधी दुसरी जखम सापडते. टाचेची मागची बाजू, नखांच्या कडा, बोटांचे वरचे सांधे यांवरून बोट फिरवावे. दोन्ही पायांचे तापमान हाताच्या मागील बाजूने ताडून पाहावे.

पादत्राणांची तपासणी मी कधीही सोडत नाही. बूट आधी उलटा करून झटकावा, मग हात आत घालून तळ आणि शिवण चाचपावी. एका रुग्णाच्या चवड्यावरची जखम दोन महिने वेगवेगळ्या मलमांना दाद देत नव्हती. बुटाच्या तळातून वर आलेले खिळ्याचे टोक माझ्या बोटाला लागले तेव्हा तिचे कारण कळले. रुग्ण तोच बूट घालून दर आठवड्याला ड्रेसिंगला येत होता.

संवेदना आणि रक्तप्रवाह

संवेदनेसाठी १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (ठरावीक दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू) पुरेसा आहे. आधी तो रुग्णाच्या हातावर टेकवून कसा जाणवतो ते दाखवावे. मग रुग्णाला डोळे मिटायला सांगून अंगठ्याच्या तळाशी आणि चवड्याच्या पहिल्या व पाचव्या हाडाच्या टोकाखाली तो काटकोनात टेकवावा. तंतू वाकेल इतकाच दाब द्यावा आणि सगळी क्रिया साधारण दोन सेकंदांत संपवावी. घट्ट्यावर किंवा जखमेवर तो टेकवू नये. प्रत्येक जागी तीनदा विचारावे, त्यांपैकी एकदा प्रत्यक्षात स्पर्श न करता. तीनपैकी दोन उत्तरे चुकली, तर त्या जागेची संरक्षक संवेदना गेली आहे. १२८ हर्ट्झचा ट्युनिंग फोर्क (वाजवल्यावर कंप पावणारा धातूचा चिमटा) अंगठ्याच्या टोकाकडच्या हाडावर ठेवून कंपन जाणवते का, हेही पाहावे. यांपैकी काहीच हाताशी नसेल, तर दोन्ही पायांच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बोटांच्या टोकांना तर्जनीने एक-दोन सेकंद हलका स्पर्श करावा. सहापैकी दोन किंवा अधिक जागी स्पर्श कळला नाही, तर बधिरपणा आहे असे मानावे. ही शेवटची चाचणी घरच्यांनाही करता येते, मात्र बोट दाबायचे नाही आणि टोचायचे नाही.

रक्तप्रवाहासाठी पावलाच्या वरच्या बाजूची आणि आतल्या घोट्यामागची अशा दोन नाड्या चाचपाव्यात. नाडी लागली म्हणजे पुरवठा भरपूर आहे, असे मात्र होत नाही. ज्याच्या पायाला जखम आहे, त्याची डॉपलरने (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्राने) तपासणी व्हायलाच हवी. घोट्यावरच्या सिस्टोलिक दाबाला (रक्तदाबाच्या वरच्या आकड्याला) दंडावरच्या सिस्टोलिक दाबाने भागले असता उत्तर ०.९ पेक्षा कमी आले, तर धमनीविकार आहे. इथे एक फसवा सापळा आहे. मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या आजारात धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या नळीसारख्या कडक होतात आणि पट्ट्याने दबत नाहीत. त्यामुळे गुणोत्तर चांगले, कधी १.३ पेक्षाही जास्त दिसते, पण पाऊल उपाशीच असते. अशा वेळी अंगठ्यावरचा दाब अधिक खरे बोलतो, कारण बोटांच्या धमन्या त्या मानाने कमी कडक होतात. अंगठ्यावरचा दाब पाऱ्याच्या ३० मिलिमीटरपेक्षा कमी किंवा घोट्यावरचा ५० पेक्षा कमी असेल, तर रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे तातडीने पाठवावे. तिथे रक्तप्रवाह सुधारण्याचा निर्णय होईपर्यंत नुसत्या ड्रेसिंगवर आठवडे घालवणे म्हणजे पाय घालवणे आहे.

जखम मोजणे आणि तिचा तळ शोधणे

घट्ट्याची कड आणि मृत ऊती काढल्याशिवाय जखमेचा खरा आकार कळत नाही. वरून मुगाएवढे दिसणारे छिद्र कड काढल्यावर नाण्याएवढे निघू शकते. म्हणून पुरवठा ठीक असल्याची खात्री झाल्यावर आधी सफाई करावी आणि मगच मोजमाप घ्यावे. सर्वांत मोठी लांबी आणि तिला काटकोनात असलेली रुंदी मिलिमीटरमध्ये लिहावी, मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र काढावे आणि पुढच्या प्रत्येक भेटीत त्याच कोनातून ते पुन्हा काढावे. ‘जखम बरी वाटते’ ही नोंद निरुपयोगी असते.

त्यानंतर निर्जंतुक, बोथट टोकाची धातूची शलाका जखमेच्या तळाशी हलक्या हाताने न्यावी. मऊ ऊतीला टेकलेली शलाका रुतल्यासारखी वाटते, तर हाडाला टेकलेली शलाका दगडाला टेकल्यासारखी कडक, किंचित खरखरीत थांबते. हा फरक एकदा बोटांना कळला की विसरत नाही. संसर्गाची लक्षणे असलेल्या जखमेत शलाका हाडापर्यंत पोचली, तर हाडात संसर्ग असण्याची शक्यता बरीच वाढते, आणि रक्ताचा ईएसआर (लाल पेशी खाली बसण्याचा वेग) ७० च्या वर असेल तर ती आणखी बळावते. एक्स-रे काढावाच, पण हाडातले बदल त्यात उमटायला दोन ते तीन आठवडे लागतात, त्यामुळे पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी शंका असल्यास तो पुन्हा काढावा किंवा एमआरआय करावा.

नोंदीसाठी सिनबॅड ही सोपी गुणपद्धत मला सर्वांत व्यवहार्य वाटते. जागा, रक्तपुरवठा, बधिरपणा, जंतुसंसर्ग, क्षेत्रफळ आणि खोली या सहा बाबींना प्रत्येकी शून्य किंवा एक गुण द्यायचा. जखम चवड्यावर नसून मधल्या किंवा मागच्या पावलावर असेल तर एक, क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटर किंवा अधिक असेल तर एक, स्नायू, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोर) किंवा त्याखालपर्यंत गेली असेल तर एक, अशा रीतीने. एकूण आकड्यापेक्षाही सहा बाबी वेगवेगळ्या लिहून पाठवल्या, तर पुढच्या डॉक्टरला फोन न करताही चित्र कळते.

संसर्ग ओळखताना

प्रत्येक उघड्या जखमेवर जंतू असतातच, त्यामुळे प्रयोगशाळेत जंतू वाढले म्हणजे संसर्ग झाला असे नाही. संसर्गाचे निदान डोळ्यांनी आणि हातांनी होते. सूज किंवा कडकपणा, जखमेभोवती अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त पसरलेली लाली, दुखणे, उष्णता आणि पू यांपैकी किमान दोन गोष्टी असतील तर संसर्ग मानावा. लाली दोन सेंटिमीटरच्या आत आणि संसर्ग केवळ कातडी व तिच्या लगेच खालच्या ऊतीपुरता असेल तर तो सौम्य आहे. लाली त्यापेक्षा पसरलेली असेल किंवा संसर्ग आणखी खोल ऊतींपर्यंत गेला असेल तर मध्यम. तापमान ३८ अंश सेल्सिअसवर किंवा ३६ च्या खाली, नाडी मिनिटाला ९० वर, श्वसन २० वर, पांढऱ्या पेशी १२,००० वर किंवा ४,००० च्या खाली, यांपैकी दोन गोष्टी जोडीला असतील तर तो गंभीर आहे आणि त्या रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात दाखल करावे. दाबल्यावर कातडीखाली करकर जाणवणे, काळीनिळी पडणारी कातडी, झपाट्याने वर चढणारी लाली, खोल गळू ही शस्त्रक्रियेची तातडी आहे. अशा वेळी प्रतिजैविकाची गोळी देऊन उद्या बोलावणे चूक ठरते.

संसर्ग नसलेल्या जखमेला प्रतिजैविके देऊ नयेत. त्यांनी जखम लवकर भरत नाही, फक्त पुढे लागणारे औषध निकामी होते. संसर्ग असेल तर औषध सुरू करण्यापूर्वी सफाई केलेल्या तळातून ऊतीचा तुकडा तपासणीस पाठवावा. पृष्ठभागावर फिरवलेला कापूस बहुधा वरवरचे जंतूच सांगतो. मऊ ऊतींच्या संसर्गाला बहुतेक वेळा एक ते दोन आठवडे औषध पुरते. हाड न काढता हाडाच्या संसर्गावर उपचार करायचे असतील, तर साधारण सहा आठवडे लागतात. जखम पूर्ण भरेपर्यंत औषध चालू ठेवण्याची सवय सोडावी.

इथे एक इशारा द्यायला हवा. जखम नसताना किंवा जुनी जखम कोरडी असताना एक पाऊल अचानक लाल, सुजलेले आणि दुसऱ्यापेक्षा गरम झाले, तर तो संसर्ग नसून शार्को पाऊल असू शकते. त्यात सांधे आणि हाडे आतून मोडत जातात, आणि सुरुवातीचा एक्स-रे साधा दिसू शकतो. निदान नक्की होईपर्यंत त्या पायावर भार देणे थांबवावे.

भार उतरवणे

इतका वेळ जे सांगितले, त्यातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्यावी: तळव्यावरची बधिरपणाची जखम औषध लावल्याने नव्हे, तर तिच्यावरचा भार उतरवल्याने भरते. सर्वोत्तम साधन म्हणजे गुडघ्यापर्यंत येणारे आणि रुग्णाला स्वतः काढता न येणारे. ते पूर्ण संपर्काचे प्लास्टर असेल किंवा काढता येणारा वॉकर बूट (घोटा हलू न देणारा उंच, कडक बूट) वरून प्लास्टरच्या पट्टीने पक्का केलेला असेल, दोन्ही चालतात. काढता न येणे हाच त्याचा गुण आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात काढता येणारा वॉकर दिलेल्या रुग्णांची हालचाल मोजली, तेव्हा दिवसभरातल्या एकूण हालचालीपैकी फक्त २८ टक्के हालचाल वॉकर पायात असताना झाली होती. रुग्ण खोटे बोलत नव्हते. घरातल्या घरात टाकलेली पावले कोणाच्याच हिशेबात येत नाहीत. म्हणून ‘बूट घालता का?’ असे न विचारता ‘रात्री लघवीला उठता तेव्हा पायात काय असते?’ असे विचारावे. उत्तराआधीची शांतता पुष्कळ काही सांगते.

प्लास्टर घातल्यावर सूज उतरून ते सैल होते, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवसांत आणि पुढे साधारण दर आठवड्याला बदलावे. दुसऱ्या पायातला बूट तेवढ्याच उंचीचा करून द्यावा, नाहीतर कंबर दुखते, तोल जातो आणि रुग्ण साधन नाकारतो. सौम्य संसर्ग किंवा सौम्य अपुरा रक्तपुरवठा यांपैकी एकच असेल तर न निघणारे साधन काळजीपूर्वक वापरता येते. दोन्ही असतील किंवा कोणतेही एक मध्यम असेल, तर रोज पाहता येईल असे काढता येणारे साधन बरे. दोन्ही मध्यम किंवा कोणतेही एक गंभीर असेल, तर आधी त्याचा बंदोबस्त करावा. काहीच उपलब्ध नसेल तर जखमेची जागा मोकळी सोडून भोवती फेल्ट-फोमचा (नमदा आणि फोम यांचा) थर चिकटवून योग्य मापाची पादत्राणे द्यावीत. एरवी साध्या बुटावर कधीच विसंबू नये. आखडलेले पण सरळ करता येणारे बोट आणि त्याच्या टोकावर जखम असेल, तर खालची कंडरा कापण्याची छोटी शस्त्रक्रिया पुष्कळदा महिन्यांचे काम दिवसांत करते.

सफाई, पट्टी आणि बाकीचे

सफाई पात्याने करावी, दर भेटीत करावी आणि घट्टा पुन्हा धरू देऊ नये. ज्या पायाचा पुरवठा कमी आहे तिथे मात्र हात आखडता घ्यावा. कोरडा गँगरीन किंवा टाचेवरची कोरडी, घट्ट, संसर्ग नसलेली काळी खपली रक्तवाहिन्यांचा निर्णय होईपर्यंत कोरडीच ठेवावी. संवेदना शाबूत असेल तर भूल लागते, हे बधिर पायांची सवय झालेल्या हातांनी विसरू नये.

ड्रेसिंगविषयी थोडक्यात सांगायचे तर, जखम सलाईनने धुवावी, स्राव शोषणारे, ओलावा टिकवणारे आणि चिकटून न बसणारे साधे ड्रेसिंग निवडावे. चांदी, मध, तीव्र जंतुनाशके यांनी जखम लवकर भरते असा भक्कम पुरावा नाही. बादलीत पाय बुडवून ठेवण्याने कातडी भिजून फुटते, म्हणून तेही नको. रक्तपुरवठा काहीसा कमी असलेल्या, संसर्ग नसलेल्या आणि चांगल्या उपचारानेही न भरणाऱ्या जखमेत सुक्रोज ऑक्टासल्फेट हे द्रव्य असलेले ड्रेसिंग विचारात घ्यावे. शस्त्रक्रियेनंतरच्या मोठ्या जखमेत नकारात्मक दाबाची (बंद ड्रेसिंगखालून पंपाने स्राव ओढून घेण्याची) पद्धत उपयोगी पडते.

साखर नियंत्रणात आणणे, पुरेशी प्रथिने आणि धूम्रपान बंद करणे या गोष्टी सोबत चालतातच. गंभीर संसर्गात गोळ्यांवर चालणाऱ्या रुग्णालाही काही काळ इन्शुलिन लागते, आणि ते ‘आयुष्यभराचे’ नाही हे त्याला आधीच सांगितले तर विरोध कमी होतो.

चौथ्या आठवड्यात थांबून हिशेब करावा. जखमेचे क्षेत्रफळ सुरुवातीच्या निम्म्याने कमी झाले नसेल, तर बारा आठवड्यांत ती भरण्याची शक्यता कमी असते. अशा वेळी नवे मलम शोधण्याऐवजी जुने प्रश्न पुन्हा विचारावेत: साधन खरोखर पायात असते का, पुरवठा पुन्हा मोजला का, हाडात संसर्ग लपला आहे का. माझ्या अनुभवात उत्तर बहुतेक वेळा पहिल्या प्रश्नात मिळते.

जखम मिटल्यावर

मिटलेली जखम म्हणजे बरी झालेली जखम नव्हे. ज्या बधिरपणाने आणि ज्या दाबाने ती झाली, ते दोन्ही तिथेच असतात, आणि सुमारे ४० टक्के रुग्णांना वर्षभरात तर सुमारे ६५ टक्के रुग्णांना पाच वर्षांत पुन्हा जखम होते. म्हणून अशा रुग्णाचे पाय दर एक ते तीन महिन्यांनी तपासावेत. केवळ बधिरपणा किंवा केवळ धमनीविकार असलेल्याचे सहा ते बारा महिन्यांनी, आणि यांपैकी काहीच नसलेल्या मधुमेह्याचे वर्षातून एकदा.

पादत्राण आतून पावलापेक्षा एक ते दोन सेंटिमीटर लांब असावे, बोटांना वरून दाबू नये, आणि ते उभे राहून, शक्यतो संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना मापावे. घरातही अनवाणी चालू नये. पाय रोज धुवून बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करावेत, कोरड्या कातडीला मऊ करणारे मलम लावावे पण बेचक्यात नाही, नखे सरळ कापावीत, घट्टा स्वतः कापू नये, शेकण्यासाठी गरम पाण्याची पिशवी वापरू नये. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा, नजर अधू असेल तर दुसऱ्या कोणाला पाहायला सांगावे. जमत असेल तर दोन्ही तळव्यांच्या ठरावीक जागांचे तापमान त्वचेच्या थर्मामीटरने रोज मोजून लिहावे. एकाच जागी दोन पायांत २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक सलग दोन दिवस दिसला, तर कातडी फुटण्याची वाट न पाहता चालणे कमी करावे आणि पाय दाखवून घ्यावा.